प्रत्येक लव्हाळा तण नसतो : पाणथळीतील मोथ्यांची ओळख व जपणूक

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत शेती करणाऱ्या शेतकऱ्याला तीन तणे जन्मभर पुरतात : हरळी, कुंदा आणि लव्हाळा. त्यातही लव्हाळा अधिक चिवट. खुरपणी झाली की आठ दिवसांत तो पुन्हा हिरवा दिसतो. त्यामुळे तीनधारी काडीची व तपकिरी तुऱ्याची कोणतीही वनस्पती दिसली की ‘लव्हाळा आहे, काढून टाका’ असे म्हणण्याची आपणास सवय झाली आहे.

परंतु याच कुळातील कितीतरी वनस्पती अशा आहेत, की त्या पिकात कधी येत नाहीत. गावतलावाचा काठ, पाझर तलावाखालील ओल, ओढ्याचा डोह, नदीकाठची दलदल एवढेच त्यांचे घर. संत तुकारामांनी नम्रतेचा दाखला म्हणून महापुरात टिकून राहणारी जी लव्हाळी सांगितली, ती अशीच पाण्याकाठची. जालना जिल्ह्यासारख्या कमी पावसाच्या भागात असे ओलसर काठ मुळातच थोडे. त्यातही आता भर वेगाने घट होत आहे. काठ गेला की त्यावरची वनस्पतीही जाते. शेतातले तण व तलावकाठचा दुर्मिळ मोथा यांत फरक कसा करावा, या वनस्पतींची आपल्या भागातील स्थिती काय आहे आणि तलावातील गाळ काढताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

गवत आणि मोथा यांतील फरक

लव्हाळा दिसायला गवतासारखा असला तरी तो गवताच्या कुळातला नाही. ज्वारी, बाजरी, गहू, ऊस, हरळी, कुंदा ही गवतकुळातील होत. लव्हाळा, नागरमोथा, कचेरा ही मोथाकुळातील म्हणजे ‘सायपेरेसी’ कुळातील होत. जगात या कुळाच्या सुमारे साडेपाच हजार जाती आहेत. दोन्ही कुळे ओळखण्याच्या सोप्या खुणा पुढीलप्रमाणे :

१) काडी दोन बोटांत धरून फिरवावी. गवताची काडी बहुधा गोल असते. मोथ्याची काडी बहुधा तीनधारी असून बोटांना कडा लागतात. काही पाणमोथ्यांची काडी मात्र गोल असते.

२) गवताच्या काडीवर ठिकठिकाणी पेरे (गाठी) असतात व बहुतेक गवतांत दोन पेऱ्यांमधला भाग पोकळ असतो. मोथ्याच्या फुलोऱ्याच्या काडीवर पेरे दिसत नाहीत व ती बहुधा भरीव असते.

३) गवताची पाने काडीच्या दोन बाजूंना येतात. मोथ्याची पाने तीन बाजूंना येतात.

४) गवताच्या पानाचा खालचा वेढा एका बाजूने उघडा असतो. मोथ्यात तो नळीसारखा पूर्ण बंद असतो.

पाणकणीस (रामबाण) ही तलावातील उंच, तपकिरी कणसाची वनस्पती पुष्कळजण मोथ्यातच धरतात. ती वेगळ्या कुळातील आहे. तसेच शिंगाडा हाही मोथा नव्हे.

शेतातला लव्हाळा

शेतातल्या लव्हाळ्याचे शास्त्रीय नाव सायपेरस रोटंडस. जमिनीखाली तारेसारख्या बारीक खोडावर एकापुढे एक अशा काळसर, सुगंधी गाठींची माळ असते. प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात. वरचा पाला उपटला की गाठ तुटून खाली राहते आणि तिचे डोळे फुटतात. म्हणून नुसत्या खुरपणीने तो वाढल्यासारखा वाटतो. जगातील तणांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लव्हाळ्याला सर्वांत त्रासदायक तण म्हणून पहिला क्रमांक दिला होता.

लव्हाळ्याच्या दोन कमकुवत बाजू आहेत. पहिली, त्याच्या बहुतेक गाठी जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटीमीटर थरात असतात व कडक उन्हात उघड्या पडल्या की वाळून मरतात. दुसरी, त्याला सावली सोसत नाही. त्यामुळे उन्हाळी नांगरट करून गाठी उघड्या पाडणे, वखराच्या पाळ्या देऊन त्या वेचणे आणि ताग, बोरू यांसारखे दाट वाढणारे हिरवळीचे पीक घेणे हे उपाय परिणामकारक ठरतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. लव्हाळा नवीन शेतात बियांपेक्षा गाठींनी अधिक पसरतो. औजारांना चिकटलेल्या मातीतून, रोपांच्या पिशवीतून आणि तलावातून आणलेल्या गाळातून या गाठी येतात. गाळाच्या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

पाणथळीतील भाऊबंद

तलावाच्या काठाने पाण्याकडे चालत गेल्यास मोथ्यांचे थर दिसतात. वरच्या कोरड्या भागात शेतातला लव्हाळा असतो. त्याखाली पाणी नुकतेच ओसरलेल्या चिखलात वीतभर उंचीचे हंगामी मोथे येतात. आणखी खाली, पाण्यात पाय रोवून उंच मोथे उभे असतात. यांपैकी काही प्रमुख वनस्पतींची ओळख पुढे दिली आहे.

कचेरा (कसेरू) : शास्त्रीय नाव ॲक्टिनोस्किर्पस ग्रॉसस. पूर्वीच्या पुस्तकांत हा स्किर्पस ग्रॉसस या नावाने दिलेला आढळतो. हा एक ते दोन मीटर उंच वाढतो. काडी जाड व स्पष्ट तीनधारी, तुरा मोठा, फांद्यांचा. चिखलातील धावत्या खोडाच्या टोकाला काळ्या सालीचा कंद येतो. आत पांढरा, पिठूळ गर असतो. आयुर्वेदात ‘कसेरुक’ म्हणून त्याचा उल्लेख आहे. उत्तर भारतात व बंगालमध्ये कसेरूचे कंद खाण्यासाठी बाजारात येतात. याला वर्षातील बराच काळ साचलेले उथळ पाणी लागते.

चिचोडा : शास्त्रीय नाव स्कोनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा. काड्यांचे ठोंब असते. काडी गोल, आतून आडव्या पडद्यांची, दाबली की कप्पे जाणवतात. याची खूण अशी, की फुलांचा गुच्छ टोकाला नसून काडीच्या मधोमध चिकटल्यासारखा दिसतो. पाणी आटत जाणाऱ्या तळ्यांत हा येतो.

इलिओकॅरिस : या गटातील वनस्पतींना पानेच नसतात. हिरव्या काड्यांचा झुपका व प्रत्येक काडीच्या टोकाला एकच लहान कणीस असते. काही जाती बोटभर, तर इलिओकॅरिस डल्सिस ही जात कमरेएवढी उंच असते. मोठ्या हॉटेलांत चिनी पदार्थांमध्ये जो ‘वॉटर चेस्टनट’ घालतात, तो याच जातीच्या लागवडीतील वाणाचा कंद होय.

फिम्ब्रिस्टायलिस : बारीक पानांचे, लहान तपकिरी कणसांचे हे मोथे ओलसर चिखलात व भातखाचरांत येतात. यांच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात व पिकलेले बी भिंगाखाली पाहिल्याशिवाय ओळखू येत नाहीत.

सायपेरस डिफॉर्मिस व सायपेरस इरिया : हे भाताच्या मुलखात तण म्हणून गाजलेले हंगामी मोथे आहेत. आपल्याकडे ते कालव्याच्या पाझराखाली व तलावाच्या चिखलात दिसतात. यांना लव्हाळ्यासारख्या गाठींची माळ नसते. ते बियांपासून येतात व हंगाम संपला की मरतात. म्हणून कोरडवाहू कापूस, सोयाबीन किंवा तुरीच्या शेताला त्यांच्यापासून धोका नसतो.

वनस्पती दुर्मिळ कशाला म्हणावी ?

एखादी वनस्पती ‘दुर्मिळ’ आहे असे म्हणताना ती कोठे दुर्मिळ आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची लाल यादी साऱ्या जगाचा विचार करते. एखादी जात दहा देशांत विपुल असली तर त्या यादीत ती ‘कमी चिंतेची’ ठरते. परंतु त्याच जातीची स्थिती एखाद्या प्रदेशात अत्यंत नाजूक असू शकते. म्हणून प्रादेशिक स्थिती वेगळी पाहावी लागते.

याचे ठळक उदाहरण इजिप्तमधील आहे. ज्या वनस्पतीच्या नावावरून ‘पेपर’ हा शब्द आला तो पॅपिरस हा एक मोथाच आहे. शास्त्रीय नाव सायपेरस पॅपिरस. हजारो वर्षे नाईल नदीच्या काठच्या लोकांनी त्याच्यापासून लिहिण्याचे पत्रे, दोर, चटया व होड्या केल्या. पुढे दलदली आटवून शेती झाली, कागदही दुसरा आला, आणि हा मोथा त्याच्याच देशातून जवळजवळ नाहीसा झाला. मध्य आफ्रिकेत मात्र तो आजही मैलोन्‌मैल उभा आहे. जगात विपुल, पण इजिप्तच्या नदीकाठाला पारखा, अशी त्याची अवस्था झाली.

कचेऱ्याचेही तसेच आहे. मलेशिया, इंडोनेशिया या देशांत तो भातखाचरांतील मोठे तण आहे. तेथील शेतकरी त्याला काढता काढता थकतो. आपल्याकडे मात्र त्याला लागणारी कायम ओलीची जागाच बोटांवर मोजण्याइतकी आहे. तेथले तण ते येथले दुर्मिळ धन, असा हा फरक आहे.

याउलट काही मोथे जगातच फार थोड्या जागी आढळतात. महाराष्ट्राच्या पश्चिम भागातील इलिओकॅरिस वाडुडाय ही जात त्यांपैकी एक. मोथाकुळाचे मराठवाड्यातील अभ्यासक प्रा. एम. ए. वदूद खान यांच्या सन्मानार्थ तिला हे नाव दिले आहे. प्रा. खान यांचा पश्चिम घाट, पश्चिम किनारा व महाराष्ट्र येथील मोथाकुळावरील ग्रंथ २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १९९८ साली डॉ. वि. ना. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा द्विखंडी ग्रंथ निघाला. मराठवाड्यातील एखाद्या वनस्पतीची प्रादेशिक स्थिती ठरविताना या ग्रंथांतील नोंदींशी आजची स्थिती ताडून पाहता येते. अमुक तळ्याकाठी पूर्वी नोंदलेली जात आज तेथे आहे काय, हाच खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्या गावचा शेतकरी सर्वांत चांगले देऊ शकतो.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. उत्तरेकडे भोकरदन व जाफ्राबाद तालुक्यांतून पूर्णा, मधून दुधना व तिला मिळणारी कुंडलिका, आणि दक्षिण सीमेवर गोदावरी अशी जिल्ह्याची पाण्याची रचना आहे. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास व तोही बेभरवशाचा. बहुतेक ओढे-नाले हिवाळ्यातच आटतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्या वर्षी मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. अशा मुलखात पाणथळ जागा म्हणजे मुख्यतः माणसाने बांधलेले तलाव. जालना शहराचा मोती तलाव, शहराला पाणी पुरविणारा निजामकाळातील घाणेवाडी तलाव, गावोगावचे पाझर तलाव व लघुप्रकल्प ही त्याची उदाहरणे. अंबड, घनसावंगी भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाझराने काही ओलसर जागा नव्याने तयार झाल्या आहेत.

गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात जलसंधारणाचे मोठे काम झाले. घाणेवाडी तलावातील गाळ काढण्यासाठी जालन्याच्या नागरिकांनी पुढाकार घेतला. कडवंचीसारख्या गावांनी पाणलोट विकास व शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा जगविल्या. राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ साली सुरू झाली. ही कामे गरजेची आहेत, याबद्दल दुमत नाही.

परंतु पाणी वाढले म्हणजे पाणथळ वाढली असे नव्हे. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याला चिखलाचा काठच नसतो. त्याची बाजू तीव्र उताराची असते व पाणी खाली गेले तरी ओला चिखल उघडा पडत नाही. अशा तळ्यात मोथ्याचे बी रुजायला जागा नाही. नाला सरळ व खोल केला की त्याचीही तीच गत होते. पाणी साठविण्याच्या जागा वाढल्या तरी उथळ काठ मात्र कमी होऊ शकतो, हे जालना जिल्ह्याच्या बाबतीत ध्यानात घेतले पाहिजे.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्र शासनाने २०१७ साली नियम केले. मात्र पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय त्या नियमांतील ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळलेले आहेत. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक तलाव या दोन कारणांसाठीच बांधलेले आहेत. म्हणजे त्यांच्या काठावरील वनस्पतींचे रक्षण त्या नियमांवर सोडून चालणार नाही. ते गावाच्या शहाणपणावरच अवलंबून आहे.

हे मोथे नाहीसे का होतात ?

पाणथळीतील हंगामी मोथ्यांचे जीवन पाण्याच्या चढ-उतारावर बेतलेले असते. पावसाळ्यात तलाव भरतो तेव्हा त्यांचे बी गाळाखाली स्वस्थ असते. हिवाळ्यात पाणी हळूहळू ओसरते, ओला चिखल उघडा पडतो, त्यावर ऊन पडते, तेव्हा ते बी रुजते. काही महिन्यांत फुलोरा येतो, बी पिकून पुन्हा चिखलात पडते. एका वर्षी पाऊस हुकला तरी गाळातील बियांचा साठा पुढच्या संधीची वाट पाहतो. गाळाचा वरचा थर म्हणजे या वनस्पतींची बियाण्याची कोठीच होय.

ही साखळी पुढील कारणांनी तुटते :

१) यंत्राने सबंध तलाव एकाच उन्हाळ्यात मुरूम लागेपर्यंत खरवडला की बियांची कोठीच ट्रॉलीतून निघून जाते. शेतात पडलेले ते बी पाण्याअभावी वाया जाते.

२) काठ उभा कापला की पाणी ओसरताना उघडा पडणारा चिखलाचा पट्टा राहत नाही.

३) गाळपेरीसाठी पाण्याच्या कडेपर्यंत नांगरट केली, की बी धरण्याआधीच रोपे मोडली जातात.

४) बेशरम व जलपर्णी यांसारख्या परदेशी वनस्पती काठ व पाणी व्यापून टाकतात. साठलेल्या सांडपाण्याच्या जागी पाणकणीस दाट वाढून इतरांना हटविते.

५) तलावात गवत्या मासा जास्त प्रमाणात सोडला तर तो कोवळ्या पाणवनस्पती खाऊन संपवितो.

६) ‘लव्हाळा’ समजून काठावर तणनाशक फवारले जाते.

शेतकऱ्याला यांचा उपयोग काय ?

दुर्मिळ वनस्पती जपणे चांगले, पण त्यात आपला काय फायदा, असे कोणी विचारल्यास ते योग्यच आहे.

पहिला फायदा गाळाचा. ओढ्याचे पाणी जेथे तलावात शिरते, तेथे मोथ्यांचा दाट पट्टा असल्यास पाण्याचा वेग मंदावतो व माती तेथेच बसते. तलाव सावकाश भरतो. दुसरा फायदा काठाचा. मोथ्यांची तंतुमय मुळे व आडवी खोडे चिखल बांधून ठेवतात. लाटांनी काठ ढासळत नाही. तिसरा फायदा पाणवठ्याचा. लहान मासे, बेडूक व चतुर यांना काड्यांत आसरा मिळतो. बेडूक व चतुर पिकांवरील किडी खातात. मोथ्यांचे कंद पाणपक्ष्यांचे अन्न आहे. भरतपूरला येणारे सायबेरियन क्रौंच पक्षी मुख्यतः मोथ्यांच्या गाठींवर हिवाळा काढीत.

मोथा जमिनीची प्रकृतीही सांगतो. कालव्याखालील शेतात एखाद्या तुकड्यावर पाणमोथे दिसू लागले, तर तेथे निचरा बिघडला आहे, जमीन चिबड होऊ लागली आहे, असे समजावे. मोथा मारण्यापेक्षा तेथे चर काढून निचरा सुधारावा. नुसता मोथा मारला तर खूण पुसली जाईल, रोग तसाच राहील.

औषधी बाजूही आहे. शेतातल्या लव्हाळ्याच्या गाठी म्हणजे आयुर्वेदातील मुस्ता. तापात देण्याच्या षडंगपानीयात त्या असतात. बाजारात ‘नागरमोथा’ या नावाने सायपेरस रोटंडस व सायपेरस स्कॅरिओसस अशा दोन जातींच्या गाठी विकल्या जातात. विक्रीसाठी गाठी गोळा करावयाच्या असतील तर त्या नांगरटीतून शेतातल्याच वेचाव्यात. तण निघेल व चार पैसेही मिळतील. तलावकाठचे मोथे त्यासाठी उपटू नयेत. शहराच्या वा कारखान्याच्या सांडपाण्याच्या नाल्यातील गाठी औषधाला किंवा खाण्याला मुळीच घेऊ नयेत. अशा मुळांत व गाठींत जड धातू साठण्याचा धोका असतो. तसेच खात्रीने ओळख पटल्याशिवाय कोणताही रानकंद खाऊ नये.

गाळ काढताना घ्यावयाची काळजी

गाळ शेतकऱ्याला हवा आहे आणि तो काढलाही पाहिजे. पुढील पद्धतीने काढल्यास पाणीसाठा वाढेल, शेताला चांगला गाळ मिळेल आणि मोथेही टिकतील.

१) गाळ तलावाच्या मधल्या, खोल भागातून काढावा. तेथील गाळ बारीक पोताचा व सुपीक असतो आणि त्यात लव्हाळ्याच्या गाठी जवळजवळ नसतात.

२) काठाच्या वरच्या कोरड्या भागातील माती शेतात नेऊ नये. शेतातला लव्हाळा नेमका तेथेच वाढतो व त्या मातीबरोबर त्याच्या गाठींची माळ आपल्या शेतात येते. फुकटच्या गाळाबरोबर आलेला लव्हाळा पुढे वर्षानुवर्षे खुरपणीचा खर्च लावतो. काठ न खणणे हे मोथ्याच्या व शेतकऱ्याच्या, अशा दोघांच्याही हिताचे आहे.

३) ओढा जेथे तलावाला मिळतो त्या बाजूचा उथळ कोपरा पूर्ण सोडावा. शिवाय काठाने जमेल तेवढी, निदान दहा-पंधरा फुटांची पट्टी न खणता ठेवावी.

४) सबंध तलाव एकाच वर्षी खरवडू नये. यंदा एक बाजू, पुढील उन्हाळ्यात दुसरी, असे काम वाटून घ्यावे. राहिलेल्या बाजूचे बी खणलेल्या बाजूस पाण्याबरोबर पोहोचते.

५) मुरूम किंवा वाळू लागताच खोदाई थांबवावी. त्यामुळे पाण्याची गळतीही वाढत नाही.

६) खणलेला भाग काठाशी उभा न कापता हळूहळू उतरता ठेवावा. जनावरांना पाण्यावर जाण्यासही तो सोयीचा असतो.

७) काठावरील बेशरम मुळासकट काढून उन्हात पूर्ण वाळवावी. तिच्या ओल्या फांद्या पाण्यात टाकल्यास पुन्हा फुटतात.

८) गाळपेर करणाऱ्यांनी पाण्याच्या कडेची पट्टी नांगरू नये. मोथ्याचे बी पिकल्यावर तेथे जनावरे चरली तरी हरकत नाही.

ज्यांच्याकडे अस्तर नसलेले शेततळे आहे, त्यांनी त्याच्या आवक बाजूस एक लहान उथळ टप्पा ठेवावा. गाळ तेथे अडेल व काढावयासही सोपा जाईल.

तणनाशकाबाबत

केवळ गवतवर्गीय तणांसाठी असलेली तणनाशके लव्हाळ्यावर चालत नाहीत, कारण लव्हाळा गवत नाही. दुकानदाराने ‘सगळ्या गवतावर चालते’ असे सांगितले तरी लेबलवर मोथावर्गीय तणाचा उल्लेख आहे काय ते वाचावे. ऊस व मका या पिकांतील लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे तणनाशक उपलब्ध आहे. लेबलवरील पीक, मात्रा व वेळ तंतोतंत पाळावी व ज्या पिकाचा उल्लेख नाही त्यात ते वापरू नये. ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण चालकांकडूनच व्हावी, असा आदेश केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला आहे, हेही ध्यानात असावे.

कोणतेही तणनाशक तलाव, विहीर, ओढा यांच्या काठावर फवारू नये व पंप पाण्यात धुऊ नये. तेच पाणी जनावरे पितात आणि माणसेही पितात.

नोंद कशी करावी ?

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही असते. या नोंदवहीत झाडे, पिके, पक्षी यांची नावे आढळतात, पण मोथ्यांकडे सहसा लक्ष जात नाही. आपल्या तलावाकाठी वेगळा मोथा दिसल्यास पुढीलप्रमाणे नोंद करावी :

१) बी पिकल्यावरच नमुना घ्यावा. मोथ्याची जात बियांच्या आकारावरून व पृष्ठभागावरून ठरते. नुसत्या पाल्यावरून तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही.

२) ठोंबातील एकच काडी, बुडखा व तुऱ्यासह घ्यावी. चार-पाचच झाडे असतील तर उपटू नये, फक्त छायाचित्र घ्यावे.

३) नमुना वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावा. रोज कागद बदलावा.

४) तारीख, गाव, तलावाचे नाव, पाण्यातला की चिखलातला, अंदाजे किती झाडे व गावातील स्थानिक नाव लिहावे. वृद्ध मंडळींना व गुराख्यांना नाव जरूर विचारावे.

५) असा नमुना जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात किंवा खरपुडी अथवा बदनापूर येथील कृषि विज्ञान केंद्रात दाखवून ओळख करून घ्यावी व ती नोंदवहीत लिहून ठेवावी.

गावागावांतून अशा नोंदी झाल्या, तर कोणता मोथा जिल्ह्यात किती तलावांवर उरला आहे, हे कळेल. प्रादेशिक स्थिती ठरते ती याच माहितीवरून.

समारोप

शेतकरी बंधूंनो, शेतातला लव्हाळा अवश्य काढावा. उन्हाळी नांगरटीत त्याच्या गाठी वाळू द्याव्यात. परंतु तलावकाठचा मोथा हा आपल्या पिकाचा शत्रू नाही. तो गाळ अडवितो, काठ धरतो आणि निचरा बिघडलेली जमीन दाखवून देतो. त्याच्यासाठी निराळा खर्च करावा लागत नाही. गाळ काढण्याचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा ‘आवक बाजूचा कोपरा व काठाची पट्टी सोडून’ एवढे शब्द त्यात घालून घ्यावेत आणि काम सुरू होण्यापूर्वी त्या पट्टीवर चुन्याची रेघ मारून यंत्रचालकास ती दाखवावी. एवढ्याने त्या तलावातील बियांची कोठी शाबूत राहील, आणि पुढच्या हिवाळ्यात पाणी ओसरेल तेव्हा मोथे पुन्हा उगवतील.